क्रोममध्ये बंद, फायरफॉक्समध्ये चालू: घरच्या कॉम्प्युटरवर साइट अडते तरी कुठं?

कसबा बावड्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरात एकच कॉम्प्युटर. मुलगा आठवीत, सासरे बहात्तर वर्षांचे; पेन्शन आणि लाइटबिल ते स्वतःच बघतात. ताईंनी पैसे भरून अँटिव्हायरस घेतला आणि त्यातल्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये गेमच्या आणि इतर नको त्या साइट्सची नावं घातली. क्रोममध्ये त्या बंद झाल्या, फायरफॉक्समध्ये खुशाल उघडतात. उलट सासऱ्यांच्या बँकेचं पान एक दिवस लाल पाटी दाखवून अडवलं. शिवाय स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात 'तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले' असे चौकोन येतात, ते काही थांबत नाहीत. त्या विचारतात, हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय, आणि आमचे पैसे पाण्यात गेले का?

पैसे पाण्यात गेलेले नाहीत, ताई. पण तुम्हाला वाटतंय तसं ते सॉफ्टवेअर सगळ्या कॉम्प्युटरवर झाकण घालून बसलेलंही नाही. शाहूपुरीत दुकान टाकून मला बावीस वर्षं झाली. 'बंद केलेली साइट उघडते' आणि 'चांगली साइट उघडत नाही' या दोन तक्रारी घेऊन जो येतो त्याला मी आधी एकच विचारतो: अडवणारा रस्त्यात कुठं उभा आहे? तो एका वाटेवर उभा आणि गाडी दुसऱ्याच वाटेनं गेली, तर तो बिचारा काय करणार?

आता हा रस्ता कसा ते बघा. गडहिंग्लजचा एक पाहुणा कोल्हापुरात सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँडवर उतरला. त्याला राजारामपुरीत कुणाकडं तरी जायचंय. माणसाचं नाव ठाऊक आहे, गल्ली कितवी ते ठाऊक नाही. तो आधी खिशातली डायरी बघतो. डायरीत नसेल तर रिक्षावाल्याला विचारतो. बारावी गल्ली कळली की तिथं जातो. गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसलेला कुणीतरी 'कुणाकडं?' म्हणून विचारतो, तो नाव सांगतो, आणि मग दार उघडून आत बोलणं होतं. तुमचा कॉम्प्युटर साइट उघडताना एवढंच करतो, फक्त डोळ्याचं पातं लवायच्या आत. डायरी म्हणजे होस्ट्स नावाची फाइल. रिक्षावाला म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा. कट्ट्यावर नाव सांगणं म्हणजे जोडणी सुरू होतानाचा पहिला निरोप. आणि आतलं बोलणं म्हणजे प्रत्यक्ष पान. या चारपैकी कुठंही अडवता येतं. पाचवी जागा म्हणजे पाहुण्याच्या खांद्यावर बसून, म्हणजे ब्राउझरच्या आतच.

डायरी सगळ्यात जुनी. इंटरनेट लहान होतं तेव्हा सगळ्या मशीनची नावं आणि आकडे एकाच साध्या फाइलमध्ये असायचे. ती अमेरिकेत एका ठिकाणी ठेवलेली असायची आणि बाकीचे उतरवून घ्यायचे. मशीन वाढत गेली, फाइल पुरेना, म्हणून १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची व्यवस्था आखली. पण जुनी डायरी कुणी फेकली नाही. आजच्या विंडोज ११ मध्येही सी ड्राइव्हवर विंडोज, त्यात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी अशा फोल्डरात ती होस्ट्स फाइल पडून असते, आणि बाहेर विचारण्याआधी कॉम्प्युटर तिच्यात डोकावतो. तिथं एखाद्या साइटच्या नावाशेजारी ०.०.०.० लिहून ठेवलं की पाहुणा स्टँडवरून हलतच नाही. काम फुकटात होतं. पण प्रत्येक नाव वेगळं लिहावं लागतं, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एकदा आणि न लावता एकदा. 'या साइटची सगळी पिल्लावळ' असं लिहायची सोयच नाही. मंगळवार पेठेतले एक गृहस्थ ही फाइल तीनदा भरून वैतागले होते. मशीन बघितलं तर नोटपॅडनं दर वेळी शेपटीला डॉट टीएक्सटी जोडून वेगळीच फाइल तयार केली होती. खरी होस्ट्स फाइल कोरी करकरीत.

व्हायरस लिहिणाऱ्यांनाही ही डायरी माहीत असते. ते तिच्यात अँटिव्हायरसच्या अपडेटचा पत्ता चुकीचा लिहून ठेवतात, म्हणजे औषधाच्या दुकानापर्यंत पोचायलाच नको. म्हणून सिक्युरिटी सॉफ्टवेअर या फाइलवर डोळा ठेवून असतं, आणि तुम्ही प्रामाणिकपणे काही लिहिलं तरी कधी कधी भुवई उंचावतं.

आता रिक्षावाला. घरगुती वापरात नको त्या साइट अडवायला सगळ्यात सोयीची जागा हीच, असं माझं मत आहे. तुमच्या कनेक्शनबरोबर नेटवाल्याचा डीएनएस आपोआप येतो. तो बदलून असा लावता येतो की जो वाईट वस्तीचा पत्ता सांगतच नाही. क्लाउडफ्लेअर कंपनीनं १ एप्रिल २०१८ ला १.१.१.१ हा डीएनएस लोकांसाठी खुला केला आणि बरोबर दोन वर्षांनी घरांसाठी दोन भावंडं आणली: १.१.१.२ फक्त घातक साइट अडवतो, १.१.१.३ घातक आणि प्रौढांच्या, दोन्ही. २०१७ पासून असलेला क्वाड९, म्हणजे ९.९.९.९, फसव्या आणि घातक साइट अडवतो, बाकीच्यात पडत नाही. गूगलचा ८.८.८.८ लोकांना तोंडपाठ असतो, पण तो गाळणी लावत नाही. विचारलं की सांगतो. 'सुरक्षेसाठी ८.८.८.८ टाकलाय' असं कुणी अभिमानानं सांगितलं की मी चहा पितो आणि गप्प बसतो.

डीएनएसला फक्त नाव कळतं, पान कळत नाही. यूट्यूब हवं पण त्यातला एक चॅनेल नको, हे काम तो करू शकत नाही. आणि पूर्वी हा सगळा सवाल-जवाब पोर्ट ५३ वरून (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर घातलेलं दार) उघड्यावर चालायचा, त्यामुळं घरातलं कुठलंही सॉफ्टवेअर तो ऐकून मध्येच तोंड घालायचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ही पद्धत प्रमाण झाली. आता ब्राउझर पाहिजे तर रिक्षावाल्याला चारचौघांत न विचारता कानात विचारतो. खासगीपणाच्या दृष्टीनं उत्तम गोष्ट. पण वाटेत उभ्या राहिलेल्या अडवणाऱ्याला काही ऐकूच येत नाही.

तुमच्या फायरफॉक्सच्या कोड्याचं एक उत्तर इथं असू शकतं. फायरफॉक्स उघडा, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, आणि पान खाली सरकवत डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसपर्यंत या. तिथं 'इन्क्रीज्ड' किंवा 'मॅक्स प्रोटेक्शन' निवडलेलं असेल, तर ते आपोआप झालेलं नसण्याचीच शक्यता जास्त. आठवीतल्या पोराला हे जमतं का? जमतं हो. वर्गातल्या मित्रानं सांगितलेलं असतं, दोन मिनिटांचा व्हिडिओ बघितला की झालं. रागावू नका, मला तर अशा पोरांना दुकानात उमेदवारीला ठेवावंसं वाटतं. क्रोममध्येही हीच सोय 'यूज सिक्युअर डीएनएस' या नावानं आहे, पण तो मूळ स्वभावात आहे तोच डीएनएस धरून ठेवतो, फक्त त्याच्याशी बोलणं गुप्त करतो. म्हणून घराचा डीएनएस १.१.१.३ केलेला असेल तर क्रोम सहसा त्याच्याकडंच जातो.

दुसरं उत्तर आणखी साधं आहे, आणि तुमच्या बाबतीत मी आधी तेच तपासलं असतं. काही अँटिव्हायरसमध्ये साइट अडवण्याचं काम ब्राउझरच्या एक्स्टेन्शनकडं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामकडं दिलेलं असतं. म्हणजे पाहुण्याच्या खांद्यावरचा पोपट. पोपट फक्त क्रोमच्या खांद्यावर बसवला असेल, तर फायरफॉक्स मोकळाच. क्रोमची एक्स्टेन्शनची यादी उघडून तिथं तुमच्या अँटिव्हायरसचं नाव आहे का बघा. ते तात्पुरतं बंद केल्यावर साइट क्रोममध्येही उघडली, तर निदान झालं. मग फायरफॉक्सलाही तेच एक्स्टेन्शन घाला, नाहीतर फायरफॉक्सच काढून टाका. एका घराला तीन ब्राउझर लागत नाहीत.

चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अडवणारा आणखी खाली, विंडोजच्याच पोटात उभा असतो, मग ब्राउझर कुठलाही असो. याची एक गंमत आहे. जुन्या विंडोज एक्सपीच्या काळात अँटिव्हायरस विंडोजच्या नेटवर्कच्या साखळीत आपली एक कडी घालून ठेवायचा. अँटिव्हायरस काढताना ती कडी अर्धवट निघाली की साखळीच तुटायची. नेट चालू, मोडेमचे दिवे चालू, आणि एक पान उघडेल तर शपथ. त्या दिवसांत मी केवळ 'नेटएसएच विनसॉक रीसेट' ही एक ओळ टाइप करून, मशीन परत चालू करून, लोकांच्या लेखी देवमाणूस झालेलो आहे. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं विंडोज फिल्टरिंग प्लॅटफॉर्म दिला. त्यात प्रत्येक सॉफ्टवेअरनं आपली कडी न घालता ठरलेल्या खिडकीत उभं राहायचं. तेव्हापासून तो धंदा बसला. तरी एका मशीनवर दोन अँटिव्हायरस घालू नका. दोघं एकाच खिडकीत मान घालतात आणि मधल्या मध्ये तुमचं नेट गोगलगाय होतं. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर शहाणा. दुसरा अँटिव्हायरस आला की तो आपण होऊन बाजूला होतो.

या खालच्या खिडकीतून काय दिसतं? साइट कुलपाची, म्हणजे एचटीटीपीएसची असेल (आता जवळपास सगळ्याच असतात), तर आतलं काही दिसत नाही. पण जोडणी सुरू करताना ब्राउझर पहिल्या निरोपात साइटचं नाव उघड्यावर सांगतो, कारण एकाच सर्व्हरवर शेकडो साइट असतात आणि कुणाची किल्ली काढायची ते सर्व्हरला कळायला हवं. गल्लीच्या कट्ट्यावर नाव सांगण्यासारखंच. अडवणारा ते नाव ऐकतो, यादीशी ताडतो आणि पाहुण्याला तिथूनच परत पाठवतो. हे नावही झाकण्याची पद्धत आता येऊ लागली आहे, म्हणजे कट्ट्यावरच्यांचे दिवस भरत आले म्हणायचे.

इथं एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुजरीतल्या एका दुकानात कामाच्या मशीनवर यूट्यूब बंद करून दिलं होतं. चार दिवसांनी मालकांचा फोन, 'अहो, पोरं गाणी बघत बसल्यात, तुमचं कुलूप कुठं गेलं?' जाऊन बघतो तर फायरफॉक्समध्ये बंद आणि क्रोममध्ये चालू, म्हणजे तुमच्या बरोबर उलटं. अर्धा दिवस गेला. शेवटी सापडलं: क्रोम गूगलच्या साइटशी नेहमीच्या टीसीपीऐवजी क्विक नावाच्या नव्या पद्धतीनं, यूडीपीवरून बोलतो. पोर्ट तोच ४४३, पण गाडी वेगळी. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर फक्त पहिल्या गाडीची पावती बघत होतं. क्रोममध्ये क्विक बंद केल्यावर ब्राउझर मुकाट्यानं जुन्या वाटेवर आला आणि अडकला. नवी सॉफ्टवेअर हे काम स्वतःच करतात. तुमचं सॉफ्टवेअर तीन-चार वर्षं अपडेट न केलेलं असेल तर मात्र हे लक्षात ठेवा.

आता चौथी जागा, घरात शिरून बोलणं ऐकण्याची. नुसतं साइटचं नाव नाही, पूर्ण पत्ता आणि पानावरचा मजकूर तपासायचा असेल तर अँटिव्हायरसला कुलूप उघडावं लागतं. तो काय करतो, तर तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्वतःचं एक मूळ प्रमाणपत्र बसवतो. प्रमाणपत्र म्हणजे साइटचं ओळखपत्र, आणि मूळ प्रमाणपत्र म्हणजे त्यावर मारायचा शिक्का. मग तुम्ही बँकेची साइट उघडलीत की तो स्वतः बँकेशी बोलतो, आणि तुमच्या ब्राउझरला 'मीच बँक' असं आपल्या शिक्क्याचं प्रमाणपत्र दाखवतो. ब्राउझरनं तो शिक्का खरा मानायचा असं आधीच ठरलेलं असतं. तुमच्याकडं हे चालू आहे का ते बघायला कुठलीही साइट उघडून पत्त्याशेजारच्या चिन्हावर टिचकी मारा, प्रमाणपत्र उघडा आणि 'इश्यूड बाय' समोर काय आहे ते वाचा. तिथं तुमच्या अँटिव्हायरसचं नाव दिसलं, तर तो मध्ये बसलाय.

हे वाईट आहे का? हेतू वाईट नाही, आणि बरीच सॉफ्टवेअर बँकांच्या साइट यातून वगळतात. पण मध्ये बसणाऱ्यानं हलगर्जीपणा केला तर सगळंच उघडं पडतं. २०१५ साली सुपरफिश नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर नव्या लॅपटॉपबरोबर येत होतं. त्यानं असंच मूळ प्रमाणपत्र बसवलं होतं आणि सगळ्या लॅपटॉपवर किल्ली एकच. एकाची किल्ली मिळाली की सगळ्यांची घरं उघडी. म्हणून घरगुती मशीनवर मी ही तपासणी सहसा बंद ठेवतो. साइटच्या नावावरून अडवणं आणि ब्राउझरची स्वतःची राखण एवढ्यावर घराचं भागतं. याच्याशी न पटणारे माझेच दोन मित्र आहेत आणि त्यांचं दुकानही चांगलं चालतं.

ब्राउझरची राखण म्हणजे काय तेही सांगतो, कारण लोक तिला धरतच नाहीत. क्रोम आणि फायरफॉक्स दोघंही गूगलची सेफ ब्राउझिंग यादी वापरतात, एज मायक्रोसॉफ्टचं स्मार्टस्क्रीन. सेफ ब्राउझिंगची रीत मला फार आवडते. प्रत्येक वाईट पत्त्याची ३२ बाइटची सही काढतात आणि तिचे फक्त पहिले ४ बाइट तुमच्या मशीनवर ठेवतात. तुम्ही साइट उघडलीत की तुमच्या पत्त्याची तशीच सही काढून यादीशी ताडतात. जुळली नाही तर बाहेर काही विचारलंच जात नाही. जुळली तर त्या ४ बाइटनी सुरू होणाऱ्या पूर्ण सह्या मागवून खात्री करतात. म्हणजे तुम्ही नेमकं कुठं चाललाय ते यादीवाल्याला न सांगता काम होतं. अडचण वेगाची आहे. 'आज रात्री वीज तोडली जाईल' म्हणून जी खोटी पानं फिरतात, त्यांतली कित्येक काही तासच जगतात. यादी मशीनवर येईपर्यंत चोर गाशा गुंडाळून गेलेला असतो. म्हणून मार्च २०२४ पासून क्रोमनं अनोळखी साइट उघडताना सर्व्हरवरच्या ताज्या यादीशी पडताळणं सुरू केलं, तेही तुमचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा आकडी पत्ता लपवून.

यादीत चुकून कुणी अडकतं का? अडकतं, पण 'चुकून' म्हणण्याआधी थांबा. चप्पल लाइनमधल्या एका दुकानदारांची वेबसाइट अचानक सगळ्यांकडं लाल दिसायला लागली. परदेशातली गिऱ्हाइकं फोन करून विचारायला लागली. त्यांचा राग अँटिव्हायरसवर, आणि थोडा माझ्यावर. साइट उघडून फोल्डर चाळले तर चपलांच्या फोटोंच्या फोल्डरात खोल एक वेगळंच फोल्डर, आणि त्यात एका परदेशी बँकेचं हुबेहूब लॉगिन पान. साइटला जोडलेल्या आणि दोन वर्षं अपडेट न केलेल्या एका प्लगिनच्या भगदाडातून कुणीतरी शिरून ते ठेवून गेला होता. कोल्हापुरी चपलांच्या आडोशानं कुणाचे तरी डॉलर चोरले जात होते. साफ केलं, पासवर्ड बदलले, साइटमालकांसाठी गूगलचं सर्च कन्सोल असतं, त्यातून फेरतपासणी मागितली, मग लाल पाटी गेली. अडवणारा बरोबरच होता.

म्हणून तुमच्या सासऱ्यांच्या बँकेच्या पानाकडं वळताना मी आधी विचारेन, पत्ता कुठून उघडला होता? मेसेजमधल्या लिंकवरून उघडला असेल तर अँटिव्हायरसचे आभार माना. पत्ता स्वतः टाइप केला होता किंवा बुकमार्क होता, तर दुसरी शक्यता आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते डॉट बँक डॉट इन या शेपटीवर न्यायला सांगितलं होतं. नव्यानं नोंदलेल्या पत्त्याकडं बरीच सॉफ्टवेअर संशयानं बघतात, कारण फसवणुकीचे पत्ते नेहमी कोवळेच असतात. त्यामुळं अँटिव्हायरस अपडेट करा आणि मग परत बघा. ती शेपटी फक्त बँकांनाच मिळते, त्यामुळं सासऱ्यांना एवढंच शिकवा: पत्त्यात सुरुवातीच्या एचटीटीपीएसनंतरचे दोन तिरके दांडे सोडून पुढचा पहिला तिरका दांडा येतो ना, त्याच्या अगदी आधी डॉट बँक डॉट इन असलं पाहिजे. मध्येच कुठंतरी असून चालत नाही. आणि पैसे गेलेच तर वाट न बघता १९३० ला फोन.

अडवलं कोणी हे बहुतेक वेळा समोरचं पानच सांगतं, फक्त वाचायला पाहिजे. पानावर अँटिव्हायरसचं नाव-चिन्ह असेल तर तो. चिन्ह नाही, सगळी खिडकीच लाल झाली, तर ब्राउझर स्वतः. 'साइटपर्यंत पोचता येत नाही', पत्ता सापडत नाही असं आलं तर डायरी किंवा डीएनएस. जोडणी मध्येच तुटल्याचं, 'रीसेट' झाल्याचं वाचायला मिळालं आणि शेजारच्या त्याच कंपनीच्या नेटवरही तसंच असलं, तर अडवणारा तुमच्या घरात नाही. नेटवाल्याकडं सरकारी आदेश आलेला असू शकतो, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ए खाली तसे येतात. आणि 'तुमचं कनेक्शन खासगी नाही' असं सगळ्याच साइटवर यायला लागलं, तर आधी खाली कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे पळते, आणि कॉम्प्युटरला आजची प्रमाणपत्रं पुढच्या जन्मातली वाटतात. फुलेवाडीच्या एका घरी यासाठी विंडोज दोनदा फॉरमॅट झालं होतं. सेल बदलून, तारीख लावून मी दहा मिनिटांत उठलो.

तुमच्या घरी मी काय करेन ते सांगतो. पहिलं, मुलाचं विंडोजचं खातं वेगळं आणि 'स्टँडर्ड' प्रकारचं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडं, आणि तो त्याच्या जन्मतारखेचा नको. यात कुचराई झाली तर वरचं सगळं रामायण व्यर्थ आहे, कारण ॲडमिन असलेला पोरगा डीएनएस बदलतो, अँटिव्हायरस बंद करतो, आणि तुम्ही यायच्या आत सगळं जागच्या जागी ठेवतो.

दुसरं, राउटरमध्ये शिरून डीएनएस १.१.१.३ आणि जोडीला १.०.०.३. राउटरचा पासवर्ड अजून 'ॲडमिन' असेल तर तोही बदला. इथं एक खड्डा आहे ज्यात मी स्वतः पडलोय: आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ या इंटरनेटच्या पत्त्यांच्या जुन्या आणि नव्या पद्धती; आयपीव्ही४ चा डीएनएस बदलतो आणि आयपीव्ही६ चा तसाच राहतो. आता बहुतेक फायबर कनेक्शन दोन्ही देतात, आणि कॉम्प्युटर दुसऱ्या वाटेनं नेटवाल्याच्या डीएनएसला विचारून मोकळा होतो. दोन्हीकडं बदला. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये ही सोय कुलूपबंद असते, तिथं विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लावा. झालं की 'न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम' हा पत्ता उघडून बघा. नाव बघून दचकू नका, तपासणीसाठीच ठेवलेला आहे. तो उघडला नाही म्हणजे गाळणी बसली.

तिसरं, व्हीपीएनची एक्स्टेन्शनं शोधून काढा. व्हीपीएन म्हणजे पाहुण्याला बंद गाडीत बसवून थेट दुसऱ्या गावाहून नेणं; डायरी, रिक्षावाला, कट्टा, सगळे बघत राहतात. अँटिव्हायरसच्या पॅरेंटल कंट्रोलमध्ये 'प्रॉक्सी' किंवा 'अनॉनिमायझर' असा गट असतो, तो अडवायच्या यादीत घाला. मोबाईलच्या डेटावर यातलं काहीच लागू होत नाही, ते प्रकरण निराळं.

राहिले ते कोपऱ्यातले चौकोन. ते व्हायरस नाहीत आणि ते अँटिव्हायरसलाही सापडणार नाहीत, कारण त्यांना परवानगी घरातूनच गेलेली आहे. कधीतरी कुठल्यातरी पानानं 'तुम्ही रोबो नाही हे सांगायला अलाऊ दाबा' म्हटलं आणि सासऱ्यांनी भल्या मनानं दाबलं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथं साइट सेटिंग्ज, तिथं नोटिफिकेशन्स. 'अलाऊड'च्या यादीत ओळखू न येणारी जितकी नावं दिसतील तितकी काढा, आणि वरचा पर्याय 'साइटना विचारूच देऊ नका' असा करून ठेवा. सासऱ्यांना शेजारी बसवून त्यांच्याच हातानं काढायला लावा. यादी लांब असेल. मागच्या महिन्यात रुईकर कॉलनीतल्या एका आजोबांच्या मशीनवर एकेक नाव काढता काढता माझा दुसरा चहा झाला होता.